दोघी मैत्रिणी, मर्यादित खर्च आणि दक्षिण युरोप

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण मे महिन्यात तीन आठवडे इटली, ग्रीस व स्पेन पाहण्याचा विचार करत आहोत. आम्ही दोघी शाकाहारी आहोत. खर्च आटोक्यात कसा ठेवावा, याविषयी अनुभवी प्रवाशांचे मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर १ : स्पेन या वेळी वगळावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण देश जितके अधिक, तितका पैसा प्रवासातच जातो. इटलीतील ‘रेजिओनाले’ म्हणजे प्रादेशिक गाड्यांचे भाडे आयत्या वेळी वाढत नाही. मात्र कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी स्थानकावरील यंत्रात शिक्का उमटवून घ्यावा लागतो, अन्यथा दंड होतो. इटलीतील बारी बंदराहून ग्रीसमधील पात्रासला रात्रभराची बोट जाते. तिचे डेकचे (खोलीविना) तिकीट घेतल्यास एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचतात, पण उबदार पांघरूण सोबत असू द्या.

उत्तर २ : शेंगेन व्हिसाचा (युरोपातील अनेक देशांसाठीच्या सामाईक व्हिसाचा) अर्ज जिथे सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे करावा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे.

उत्तर ३ : ग्रीसमध्ये तुमची उपासमार होणार नाही. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या काळात मांस व दूध वर्ज्य करतात, त्यामुळे ‘निस्तीसिमो’ (उपवासाला चालणारे) हा एक शब्द उच्चारला की घेवड्याचे सूप किंवा ऑलिव्ह तेलातल्या भाज्या पुढे येतात. तरी कोळंबीसारखे जलचर उपवासाला चालतात, म्हणून एकदा विचारून घ्यावे. रोममध्ये पाणी विकत घेऊ नका, रस्त्यांवरील नळांचे पाणी पिण्यायोग्य आणि विनामूल्य आहे.