गेमांच्या जगातले डोक्यात जाणारे शब्द

सोंगटी :

व्हिडिओ गेमांवर मराठीत बोलणारी-लिहिणारी मंडळी वाढली आहेत, चांगलंच आहे. पण 'इमर्सिव्ह' आणि 'नेक्स्ट लेव्हल' हे दोन शब्द काढून घेतले तर त्यातल्या निम्म्यांना तोंड उघडता येणार नाही. तेव्हा ऐकून ऐकून वीट आलेले शब्द इथे गोळा करू. शब्द कुठून आला आणि नेमका का खुपतो, तेही लिहा. 'इंग्रजी आहे म्हणून' हे कारण चालणार नाही. विटीदांडूत वकट, लेंड, मूंड करत आपण अंतर मोजायचो ते तेलुगूतले एक, दोन, तीन. त्याने विटीचं काही बिघडलं नाही.

सुरुवात माझ्याकडून. इमर्सिव्ह. खेळात बुडून गेलो की नाही, हे खरं तर खेळणाऱ्याने सांगायचं. इथे ते जाहिरातीतच छापून येतं. पाऊस पडताना दिसला, इमर्सिव्ह. घोड्याच्या अंगावर घाम चमकला, इमर्सिव्ह. कोपऱ्यातला नकाशा काढून टाकून तुम्हाला रानात भटकत ठेवलं तर फारच इमर्सिव्ह. उलट १९८४ साली मॉस्कोत बनलेल्या टेट्रिसमध्ये ना पाऊस ना घोडा, नुसते पडणारे ठोकळे. पण तो खेळताना गॅसवरचं दूध उतू गेलेलं कळत नाही. त्याला हे विशेषण लावलेलं मी अजून ऐकलं नाही. कुठेतरी 'विसर्जित करणारा अनुभव' असं भाषांतरही वाचलं. वाचून 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणावंसं वाटलं.

दुसरा शब्द 'ट्रिपल ए'. पतमानांकनातली ही अक्षरं गेमांच्या धंद्यात आली ती १९९०च्या दशकात. अर्थ एवढाच, की खर्च भरपूर आणि जाहिरात भरपूर. मांडवाचं बिल बघून लग्न कसं झालं ते ठरवावं, तसला प्रकार. त्यावर कडी झाली फेब्रुवारी २०२४ मध्ये. यूबीसॉफ्ट या गेम कंपनीचे प्रमुख ईव्ह गिलमो यांनी 'स्कल अँड बोन्स' या चाच्यांच्या गेमला 'क्वाड्रुपल ए' म्हटलं. वर्षानुवर्षं पुढे ढकललेला गेम, किंमत ७० डॉलर, तिचं समर्थन करायला तीन ए पुरेनात म्हणून चौथा जोडला. लोकांनी खेळून पाहिला, आणि तेव्हापासून 'चार ए' हा फक्त थट्टेचा शब्द उरला आहे.

ठोकळेबाज :

ट्रिपल ए ला +१. पण सरसकट झोडू नका. 'नर्फ' हा माझा लाडका शब्द आहे, त्याला मी हात लावू देणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एखादं हत्यार फारच भारी पडतंय म्हणून कंपनीने पुढच्या अपडेटमध्ये त्याची ताकद कमी केली, की ते नर्फ झालं. नर्फ हा अमेरिकेतला खेळण्यांचा ब्रँड. घरात फेकला तरी काच फुटणार नाही असा फोमचा चेंडू त्यांनी १९७०च्या सुमारास आणला. पुढे १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' हा गेम आला. त्यातल्या तलवारी कमजोर केल्यावर खेळणारे कुरकुरायला लागले, की आता आम्ही काय नर्फच्या दांडक्याने मारामारी करायची का? तिथून सुटलेला शब्द सगळ्या गेमांमध्ये पसरला. वैतागलेल्या माणसाच्या तोंडून निघालाय, त्यामुळे एका अक्षरात अख्खी तक्रार मावते.

माझ्या डोक्यात जातो तो 'मेटा'. खेळाबाहेर उभं राहून मांडलेला हिशोब, म्हणजे सध्या सगळे कुठला डाव टाकतायत आणि त्याला तोड काय, हा मूळचा अर्थ. 'मोस्ट इफेक्टिव्ह टॅक्टिक्स अव्हेलेबल' असा त्याचा फुलफॉर्म छातीठोकपणे सांगतात, तो मागाहून चिकटवलेला आहे. मुळात हा ग्रीक उपसर्ग. आता 'ही गन मेटा आहे' म्हणजे फक्त 'चांगली आहे'. मग 'चांगली आहे' म्हणायला कोणी अडवलंय? २०२१ मध्ये फेसबुकवाल्या कंपनीने तेच नाव घेतलं आणि शब्दात जो काही जीव उरला होता तोही गेला.

वरणभात :

मी बीजीएमआयवाला (म्हणजे पब्जीचा भारतातला अवतार), त्यामुळे शिव्या खायच्या तयारीनेच आलोय.

"नॉक झालो रे, रिव्हाइव दे", "लॅग मारतंय", "वरच्या मजल्यावर एक दडलाय, रश नको करू" ही मराठीच आहे, तिला कृपया सुधारू नका. मला वैताग दोन शब्दांचा. नूब हा न्यूबीचा पोटचा, कधीकाळी नवखा एवढाच अर्थ असायचा. आता दहा वर्षं खेळणाऱ्यालाही म्हणतात. बॉट त्याहून वाईट. रिकाम्या जागा भरायला गेम स्वतःच जे बाहुले सोडतो ते बॉट, म्हणजे समोरच्याला तू माणसांत मोजलाच जात नाहीस असं सांगायचं. त्यात हल्ली 'स्किल इश्यू' आलंय, म्हणजे दोष तुझ्या कौशल्याचा. फोन हँग झाला, स्किल इश्यू. लाइट गेली, स्किल इश्यू.

एक गंमत मात्र सांगतो. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय होऊन परतला. तेव्हा रक्त हिरवं झालं होतं आणि 'किल'च्या जागी 'फिनिश' बसलं होतं. खेळणारे आजही "किती किल?" असंच विचारतात. जिंकल्यावर झळकणाऱ्या 'चिकन डिनर'ला मात्र कोणी हात लावला नाही. आमच्या इमारतीत कांदा-लसूणही न शिजणाऱ्या एका घरातून रात्री अकराला "चिकन मिळालं!" अशी आरोळी येते.

सोंगटी :

वरणभात, शिव्या कशाला, उलट तुझा मुद्दा आवडला. नवख्यासाठी आपल्याकडे शब्द होता की. लिंबूटिंबू, काही ठिकाणी कच्चा लिंबू. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, ते आऊट होणार नाही, त्याच्यावर राज्य येणार नाही, पण पळायचं मात्र सगळ्यांबरोबर. नूबही तोच, फक्त त्याला हाकलून काढायचं असतं. अर्थात आपण काही संत नव्हतो. 'रडीचा डाव खडी' सगळ्यांनीच ओरडून झालंय. पण ते रडीचा डाव खेळणाऱ्याला. खेळता येत नाही म्हणून कोणाला तसं ऐकावं लागत नव्हतं.

'जीजी'चंही असंच वाटोळं झालं. गुड गेम, सामना संपल्यावर हात मिळवावा तसं. मग कोणीतरी पुढे 'ईझी' लावलं आणि हरलेल्याच्या जखमेवर मीठ चोळायची सोय झाली. ब्लिझार्डने २०१६ मध्ये 'ओव्हरवॉच'मध्ये त्यावर झकास तोड काढली. 'जीजी ईझी' टाइप केलं की ते पुसलं जाऊन त्याच खेळणाऱ्याच्या नावाने भलतंच वाक्य झळकायचं. एका वाक्याचा अर्थ असा, की माझी झोपायची वेळ टळून गेली आहे, प्लीज आईला सांगू नका. एखाद्या गेम कंपनीने शब्दांच्या बाबतीत दाखवलेलं एवढं शहाणपण मला तरी दुसरं आठवत नाही.

रिकामटेकडी :

तुम्ही सगळे पोरांच्या शब्दांवर का घसरताय? ती एकमेकांना बॉट म्हणोत नाहीतर भोपळा. खरे डांबरट शब्द कंपन्यांच्या मीटिंगांमध्ये बनतात आणि आपण ते फुकट मिरवतो.

लूट बॉक्स घ्या. पैसे मोजून खोकं घ्यायचं, आत काय निघालं ते उघडल्यावरच कळणार. शब्द तसा प्रामाणिक, फक्त लूट कोणाची ते सांगत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २'मध्ये डार्थ व्हेडर हे गाजलेलं पात्र मिळवायला तासन्तास झिजावं लागतं म्हणून लोक भडकले. त्यावर ईए कंपनीचं उत्तर आलं, की खेळाडूंना अभिमान आणि काहीतरी साध्य केल्याची भावना मिळावी असा आमचा हेतू आहे. रेडिटवर त्या उत्तराला साडेसहा लाखांवर नापसंत्या पडल्या आणि त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमने अशी खोकी जुगारात मोडतात असं ठरवलं. आणि जून २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे ईएच्या बाजूने सांगण्यात आलं, की आम्ही त्यांना लूट बॉक्स म्हणतच नाही, 'सरप्राइज मेकॅनिक्स' म्हणतो. आत खेळणं लपवलेलं किंडर एग असतं ना, तसंच! आपल्या मटकेवाल्यांना हे वेळेवर सुचलं नाही, नाहीतर पोलिसांना सांगितलं असतं, साहेब, जुगार कुठला, आम्ही तर सरप्राइज वाटतोय.

'गेमिंग' या शब्दाचं तर पार भजं झालंय. पैसे लावून रमी, गेमिंग. क्रिकेटची फँटसी टीम, गेमिंग. गोव्यात मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटींचा धंदा, तोही गेमिंग. आणि माझा भाचा घरात बसून शेत नांगरतो, कोंबड्या पाळतो, ते पण गेमिंगच. 'तो गेमिंग करतो' म्हटल्यावर शेजारच्या काकू दचकून 'पैसे लावतो का गं?' विचारतात, त्यात काकूंची काही चूक नाही. मुंबईच्या गुन्ह्यांच्या बातम्यांत 'गेम केला'चा अर्थ काय होतो तो सगळ्यांना माहीत आहेच. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात निदान तीन खण पाडले : ई-स्पोर्ट, सोशल गेम आणि मनी गेम. बंदी तिसऱ्यावर. घरोघरच्या गप्पांत मात्र 'सरकारने गेमिंग बंद केलं', म्हणजे तिन्ही खणांतलं पुन्हा एका पोत्यात. जुगाराला जुगार म्हणायला पैसे पडत नाहीत.

जाता जाता 'अ‍ॅडिक्टिव्ह'. 'भयंकर अ‍ॅडिक्टिव्ह गेम, पाचपैकी पाच!' अहो, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डर चक्क नोंदलेला आहे. इकडे ते विशेषण शाबासकी म्हणून. 'सोडवत नाही' असं साधं म्हणता येतं की.

ठोकळेबाज :

ताई, टाळ्या.

गेमांच्या प्रकारांची नावं राहिली. 'रोगलाइक' देवनागरीत लिहिलं की औषधांचं दुकान आठवतं. १९८० साली 'रोग' नावाचा गेम आला (हा इंग्रजीतला, लुच्चा या अर्थाचा). त्यात भुयार दर वेळी नवं आणि मेलात की पहिल्यापासून. त्यासारखा तो रोगलाइक. २००८ मध्ये या पंथाची मंडळी बर्लिनला जमली आणि कशाला म्हणायचं, कशाला नाही याची यादीच त्यांनी केली. ती कोणी पाळली नाही ते सोडा. मेल्यावरही थोडीफार कमाई गाठीला राहत असेल तर म्हणे रोगलाइट. सौम्य लक्षणं, घरीच उपचार.

मुक्काम डोंबिवली :

बराच वेळ वाचतोय. खेळणाऱ्यांचे शब्द चांगले आणि कंपन्यांचे वाईट, असं धाग्यात ठरत चाललंय, ते मला पटत नाही. 'ग्राइंड' बघा. तेच राक्षस शंभरदा मारायचे, तीच नाणी गोळा करायची, तेव्हा कुठे पुढची पातळी. कंटाळलेल्या खेळणाऱ्यांनीच त्याला हे नाव ठेवलं. आपल्याकडेही 'तेच ते दळण' म्हणतात, इतकं चपखल बसतं. म्हणजे मुळात ही तक्रार. आता स्ट्रीम करणारी मुलं छाती पुढे काढून सांगतात, 'भावांनो, ग्राइंड चालू आहे'. कोणी पगार देत नाही, वरून आपणच त्या दुकानात पैसे देतो, आणि दळण दळल्याचा अभिमान. हे कंपनीने शिकवलं नाही. आपणच आपली तक्रार धुऊन, इस्त्री करून अंगावर घातली.

'कंटेंट'चंही तेच. पूर्वी गेममध्ये किल्ला असायचा, जंगल असायचं, एखादी म्हातारी काहीतरी हरवलंय म्हणून रडत बसलेली असायची. आता 'नवीन कंटेंट आलंय', 'कंटेंट संपलं', 'या सीझनला कंटेंट कमी आहे'. म्हातारी गेली, भरताड आलं. हा शब्द विकणाऱ्यांचा, कबूल. पण 'कंटेंट कधी?' असा सगळ्यात मोठ्याने घोशा कोण लावतं?

रिकामटेकडी :

मुक्काम, ग्राइंडचं पटलं. कंटेंटचं अर्धं. ज्यांनी सीझन पास, म्हणजे पुढच्या मालाचे पैसे आधीच घेणारं तिकीट, विकला त्यांनीच भूक लावली, मग ताटं वाजणारच. पण म्हातारी गेली हे अगदी खरं.

वरणभात :

मला एक शब्द हवाय. कॅम्पर. अख्खी मॅच एका घराच्या संडासात लपून बसायचं आणि शेवटी दोघं उरले की बाहेर पडून मारायचं, असला माणूस. मराठीत काय म्हणू?

सोंगटी :

लपंडावात भोज्याला चिकटून बसणारं एक पोर प्रत्येक गल्लीत असायचं. त्यावरून 'भोज्याचिकट' होईल, पण मॅचमध्ये ओरडायला लांब पडेल. 'बिळोबा' कसं वाटतं?

वरणभात :

बिळोबा भारी आहे. आज रात्री वापरतो. समोरचा चिडला तर शब्द पास.