मदत हवी आहे : सॅन स्टॉर्मचं पोट गंजलंय, बॉडी उचलू की खालूनच निभावू?

नमस्कार मंडळी. मुक्काम डिचोली, गोवा. गाडी सॅन स्टॉर्म. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बंगळूरच्या सॅन मोटर्सची, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली दोन सीटची उघडी गाडी. बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी. पळायला काही फार नाही, पण टप काढून मांडवीच्या पुलावर गेलं की अजूनही बाजूचा स्कूटरवाला हेल्मेटची काच वर करून विचारतो, "ही कुठची रे?"

गाडी मामाची. तो बोगमाळ्याला राहायचा, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. शेवटची दोन वर्षं गाडी माडाखाली, प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून होती. मामा गेल्यावर मामी म्हणाली, घेऊन जा बाबा, बघवत नाही. आणली.

"फायबर आहे, तिला काय गंजायचंय!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. खालची चौकट लोखंडाची आहे हे कुणाच्या ध्यानातच नसतं. चारेक वर्षांपूर्वी मामाने एका गॅरेजमध्ये खालून डांबरी कोटिंग मारून घेतलं होतं. दिसायला काळंकुळकुळीत, छान. म्हणून मीही निर्धास्त होतो.

परवा गाडी चार स्टँडवर घेतली आणि स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने ठोकत गेलो. टण, टण, टण, आणि डाव्या सीटखाली आल्यावर थप्. टोक लावलं तर श्रीखंडात चमचा जावा तसं आत गेलं. कोटिंगचा पापुद्रा सोलला तर मागून ओला तांबडा चुरा हातावर आला. म्हणजे वरून मारलेल्या डांबराने गंज थांबवला नाही, नुसता झाकून ठेवला, आणि आतली ओल आतच कोंडली. आणखी तीन ठिकाणी तसाच आवाज आहे. फायबरच्या तळालाही जिथे बॉडीचे बोल्ट बसतात त्या भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा आहेत, आणि एक भोक तर ओढून लांबुळकं झालंय.

आमचा मेकॅनिक म्हणतो, "बॉडी काडली जाल्यार परत बसची ना." त्याचं म्हणणं, खालूनच कापून ठिगळं मारू. मला भीती वेल्डिंगची. चौकटीच्या बोटभर वर फायबर आहे, ते पेटलं तर? चापोऱ्याच्या जेटीवर होड्यांना फायबर मारणारा एक जण आहे, त्याला विचारलं. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, सगळ्या होड्या जमिनीवर, त्याला मान वर करायला फुरसत नाही. "ऑगस्टात ये" म्हणाला.

तर बॉडी उचलावी का? चौकट गॅल्वनाइज करून (वितळलेल्या जस्तात बुडवून) घेता येईल का? आणि पावसात फायबरचं काम करावं की थांबावं? मंडळी, जाणकारांनी जरा सांगा.

रापणकार : थांबा. पॉलिएस्टर रेझिनला (काचेच्या तंतूंना एकत्र धरून घट्ट होणारा चिकट द्रव) दमट हवा मानवत नाही आणि जुन्या फायबरमध्ये ओल असेल तर नवा थर धरतच नाही. त्या चिरा नुसत्या पुटी भरून मिटणार नाहीत. ग्राइंडरने घासून कोरडं, फिकट फायबर दिसेपर्यंत जायचं आणि कडा लांब उतरती करायची. जाडी ३ मिमी असेल तर उतार निदान ३५ मिमी. एक चूक बहुतेक जण करतात: इपॉक्सी (दुसऱ्या जातीचं रेझिन) आणतात आणि त्यात होडीची चटई-मॅट वापरतात. त्या मॅटमधले तंतू ज्या चिकटाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. इपॉक्सी वापरणार असाल तर विणलेलं कापड घ्या. आणि इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टर मारू नका, नीट धरत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क. नाहीतर रात्रभर खाजवत बसाल, वर बायकोच्या शिव्या.

जुना_पान्हा : उचला, पण आधी मोजा. दाराच्या फटी चारही बाजूंनी मोजून वहीत लिहा, प्रत्येक बोल्टखाली किती चकत्या आहेत तेही. मेकॅनिक "परत बसत नाही" म्हणतो ते याच चकत्या हरवतात म्हणून. गाडीला छप्पर नाही, त्यामुळे बॉडी दारापाशीच वाकणार. दाराच्या पुढच्या-मागच्या दोन्ही खांबांच्या मध्ये लोखंडी पट्टी बोल्ट करा, मगच हलवा. आणि कुठे चिकटवलेलीही आहे का ते आधी तपासा, ओढाताण करून फाडू नका.

लोटस इलान या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचे मालक यातून कधीच गेलेत. १९६२ ते १९७३ ती गाडी निघाली, फायबरच्या बॉडीखाली दुमडलेल्या पत्र्याचा एकच कणा. सुरुवातीच्या गाड्यांत पुढच्या आडव्या पेटीतच हेडलाइट वर करणारा व्हॅक्यूम (हवा काढलेली पोकळी) साठवायचे. पेटी गंजून छिद्र पडलं की दिवे आपोआप मिटायचे! त्यांना निदान नवी गॅल्वनाइज्ड चासी विकत मिळते, तुम्हाला आहे तीच वाचवायची आहे.

गॅल्वनाइजचं म्हणाल तर जस्ताची कढई साधारण ४५० अंशांवर असते. बंद पाइपला हवा जायला भोकं नसतील तर तो फुटतो, पातळ चौकट पिळवटते. मी नाही केलं. गोड्या पाण्याने मीठ धुवा, पूर्ण वाळवा, सडलेलं कापून नवा पाइप घाला, झिंक प्रायमर, आणि पाइपच्या आत मेणाचा फवारा. डांबर पुन्हा नको.

केपेकर : वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी बाहेर, बॅटरी सोडलेली. आणि एक गोष्ट सगळे विसरतात, फायबरमधून करंट जात नाही. प्रत्येक दिव्याची अर्थिंगची (करंट परत नेणारी) वायर वेगळी ओढलेली असते. चौकटीला रंग मारताना अर्थिंगचे बोल्ट झाकले गेले की दिवे लागत नाहीत, मग माणूस आठवडाभर फ्यूज बदलत बसतो. सीटबेल्टचे बोल्ट कुठे येतात ते पहिलं बघा. ते सडलेल्या भागात असतील तर बाकी सगळं नंतर.

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. केपेकर, तुमचं वाचून रात्रीच टॉर्च घेऊन खाली शिरलो. डाव्या बेल्टचा बोल्ट त्या थप् आवाजाच्या जागेपासून जेमतेम वीतभर. म्हणजे ठिगळं मारणं बाद, बॉडी उचलायचीच.

आणखी एक सापडलं. चौकटीत पाणी गळून जायला खालून भोकं आहेत, ती डांबराने बुजलेली. एकात तार घातली तर पेलाभर पाणी हातावर आलं, बाहीत शिरून कोपरापर्यंत गेलं.

आता फटी मोजतोय. फायबरचं काम पाऊस ओसरल्यावरच. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की बॉडी उचलायला सहा माणसं लागतील. डिचोली-म्हापसा भागात कोणी असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नेवऱ्या (आमच्या करंज्या) उरलेल्या असतीलच.