रविवारी ड्रिल मशीन, आणि परदेशात देशाची इज्जत कुणाच्या डोक्यावर?

कडकभाकरी:
सहा वर्षं झाली जर्मनीत. पहिल्याच महिन्यात पडदे लावायला म्हणून रविवारी दुपारी ड्रिल मशीन काढली, दोन भोकं पाडली असतील नसतील तर खालच्या मजल्यावरच्या आजी दारात. ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या आज रविवार आहे. मला कळेना, अहो रविवार आहे म्हणून तर काढलीय की, सोलापुरात ही कामं रविवारीच होतात! मग समजलं, इथं रविवारी दिवसभर आणि एरवी रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, काचेच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा रविवारी डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. दुसऱ्या दिवशी सॉरी म्हणायला गेलो, हातात घरची शेंगाचटणी. तेव्हापासून आजींशी गट्टी. त्या बिल्डिंगीत मी एकटाच भारतीय, मी जसा वागणार तसाच भारत त्यांना दिसणार. जिन्यातली एंबसी आपणच चालवायची असते, असं माझं मत.

बाराबंदी:
काय बी बोललालास बे. उद्या एखादा गोरा आपल्याकडं येऊन धिंगाणा घालून गेला तर आपण त्याच्या अख्ख्या देशाला नावं ठेवतो का? मग आपल्याच एकेकट्यानं १४० कोटींचं गाठोडं का उचलायचं? मी आखातात नऊ वर्षं काढली, कंपनीच्या कॅम्पात एका खोलीत सहा जण, तिथं आम्ही कितीही अदबीनं बोललो तरी सुपरवायझर शिवीशिवाय हाक मारत नव्हता. चांगलं वागावं, पण शेजारी माणूस आहे म्हणून. देशाचं कशाला मध्ये आणता.

कंबरतलाव:
आपल्याच गावचे डॉ. कोटणीस विसरलात का दोघं? १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, चिनी शिकले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. तिकडं अजून नाव काढतात.

बाराबंदी:
ताई, हे तर माझ्याच बाजूचं झालं. ते जखमींची ऑपरेशनं करत होते, भारताची इमेज सांभाळत नव्हते.

कंबरतलाव:
पण भाषा शिकले ना? निम्मं तिथंच येतं. जर्मनमध्येही आपल्यासारखं तुम्ही आणि तू आहे, झी आणि डू. माझा भाऊ पहिल्याच दिवशी साठीच्या शेजाऱ्याला डू म्हणून आला, बे म्हणायची सवय, दुसरं काय. वर वाढदिवसाच्या शुभेच्छा दोन दिवस आधीच देऊन टाकल्या, जो त्यांच्यात अपशकुन. बिचाऱ्याला वाटलं आपण लई गोड वागलालो.

सातरस्ता:
तिकडं रात्री दहानंतर पावलं मोजून टाकणारे हेच लोक सुट्टीला आले की हॉर्नवरचा हात काढत नाहीत, त्याचं काय? तिकडं दंडाची भीती असती म्हणून मॅनर्स, नाव मात्र देशाचं.

कडकभाकरी:
दंडाचं पटत नाही, आजी काही पोलीस नव्हत्या. पण बाकीचं लागलं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, आलो होतो तेव्हा भाच्याच्या बर्थडेला गल्लीत स्पीकर लावला तो मीच. शेजारचे काका सांगायला आले, त्यांना म्हणालो एकच दिवस आहे की काका.

बाराबंदी:
काकांना दिली का मग शेंगाचटणी?

जुळेसोलापूर:
तुमचं चालू द्या, मी नर्स आहे म्हणून विचारते, त्या आजींना चटणी देताना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का विचारलं होतं? एखाद्याच्या जिवावर बेततं ते, चमचाभर पण पुरे होतं.

कडकभाकरी:
नव्हतं विचारलं. नशीब दोघांचं. आता डब्यावर जर्मनमध्ये चिठ्ठी चिकटवतो, शेंगदाणे आहेत, लसूण आहे, तिखट आहे. तिखटाखाली दोन रेघा. काकांकडं पुढच्या सुट्टीत जातो, त्यांना चिठ्ठी लागत नाही.