दिवस एकच: ऊर पाहावे की उरुक?

प्रश्न
जानेवारीत कामानिमित्त इराकमधील बसऱ्याला जाणे होणार आहे. सुमेरी लोकांचे, म्हणजे दक्षिण इराकमधील प्राचीन संस्कृतीचे, एखादे नगर प्रत्यक्ष पाहावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा असून त्यासाठी एक मोकळा दिवस मिळेल. ऊर नासिरियाजवळ आहे, तर उरुक समावाच्या बाजूला. एका दिवसात दोन्हीकडे धावतपळत जाण्यापेक्षा एकच नीट पाहावे असे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
पहिल्याच भेटीसाठी मी नि:संकोचपणे ऊर सुचवेन. चंद्रदेव नन्नाचे मंदिर ज्याच्या माथ्यावर होते तो झिगुरात, म्हणजे विटांचा टप्प्याटप्प्यांचा मनोरा, उर-नम्मू राजाने इसवी सनपूर्व एकविसाव्या शतकात बांधायला घेतला. समोरचे जिने आणि दर्शनी विटकाम बरेचसे १९८०च्या दशकातील डागडुजीचे आहे, त्यामुळे तिथे छायाचित्र काढून परत फिरू नका. बाजूने चालत जाऊन जुन्या भिंतीजवळ उभे राहा: भाजक्या विटांच्या सांध्यांत चार हजार वर्षांपूर्वीचे डांबर अजून काळेभोर दिसते आणि आतल्या कच्च्या विटांमधला ओलावा बाहेर पडावा म्हणून भिंतीत ठेवलेली चौकोनी भोकेही दिसतात. ती भोके पाहताना, बांधणाऱ्याला आपल्या मातीची किती बारीक जाण होती हे कळते आणि मन भरून येते.

राजघराण्याची दफनभूमी जवळच आहे. लिओनार्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात केलेल्या उत्खननात तिथल्या एकाच खड्ड्यात ७४ सेवक-सेविकांचे सांगाडे सापडले. आज तिथे रिकामे खड्डे आणि विटांच्या कमानी आहेत. दागिने आणि वीणा लंडन, फिलाडेल्फिया व बगदाद येथील संग्रहालयांत आहेत.

प्रतिसाद २
वरील मत मान्य आहे, तरी उरुकची बाजू मांडतो. जगातील सर्वांत जुने लेखन ज्या मातीच्या पाट्यांवर मिळाले त्यांतील बहुसंख्य याच नगरातील आहेत. तिथे उभे असे फारसे काही उरलेले नाही, परंतु पायांखाली सर्वत्र खापरे पसरलेली असतात आणि त्यांत खडूएवढे भाजक्या मातीचे शंकूही दिसतात. रंगवलेल्या टोकांचे असे शंकू ओल्या गिलाव्यात खोचून तिथल्या भिंतींवर नक्षी केली जाई. कृपया एकही खापर उचलू नका. तो कायद्याने गुन्हा तर आहेच, शिवाय वस्तू जागेवरून हलली की अभ्यासकांच्या दृष्टीने तिचे अर्धे मोल जाते.

प्रतिसाद ३
परतीचा प्रवास बगदादमार्गे करता आला, तर तेथील इराक संग्रहालय अवश्य पाहा. ऊरच्या थडग्यांत सापडलेल्या लालसर अकीक मण्यांपैकी काही, विशेषतः पांढऱ्या रेषांची नक्षी उमटवलेले, सिंधू खोऱ्यातल्या कारागिरीचे आहेत. आपल्याकडचा माल समुद्रमार्गे त्या काळी तिथवर पोहोचत होता, हे ठाऊक असले की ऊरचे ते रिकामे खड्डे परके वाटत नाहीत.

वाटेत तपासणी नाकी लागतात, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा. पाऊस झाला असल्यास मातीचा चिखल बुटांना घट्ट चिकटतो. अशा वेळी एक दिवस थांबणे बरे.