विमानाचं सरासरी त्वरण चुकतंय, कुठे ते सांगा

वास्कोकर: दाबोळीवरून नेव्हीचं मिग-२९के उडालं की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, म्हणून हे गणित मुद्दाम घेतलं. विमान २० सेकंदांत ताशी ९०० वरून १२६० किलोमीटरवर जातं. माझं त्वरण १८ येतंय, पुस्तकात ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे.

फोंडेकर: अरे तू ताशी किलोमीटर तसेच ठेवून ३६० ला २० ने भागलंस! आधी ३.६ ने भाग, २५० आणि ३५० मीटर प्रति सेकंद, फरक १००, भागिले २०, झालं ५.

म्हापसेकर: आणि त्या २० सेकंदांत कापलेलं अंतर हवं असेल तर सरासरी वेग ३०० गुणिले २०, म्हणजे ६ किलोमीटर. पण त्वरण एकसारखं असेल तरच हां, खरं तर ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध खूप वाढतो.

वास्कोकर: जमलं! देव बरें करूं.