'गुरू म्हणाली' की 'आचार्या म्हणाल्या'?

शब्दवेडी: चौथ्या शतकातला ख्रिस्ती बिशप, निसाचा ग्रेगरी, याचा 'आत्मा आणि पुनरुत्थान' हा ग्रीक संवाद मराठीत आणते आहे. थोरली बहीण मॅक्रिना मृत्युशय्येवर (निधन 379), धाकटा भाऊ, म्हणजे ग्रेगरी स्वतः, शंका काढतो, ती फेडते. तिच्यासाठी ग्रेगरी 'दिदास्कालोस', म्हणजे शिकवणारा, लिहितो. शब्द पुरुषांना लागतो तोच, आधीचं उपपद (इंग्रजी 'the'सारखं) तेवढं स्त्रीलिंगी. 'शिक्षिका' लिहिलं तर शाळेतली नोकरी डोळ्यांपुढे येते. काय लिहू?

तत्सम: आचार्या. आचार्या म्हणजे स्वतः शिकवणारी, आचार्यानी म्हणजे आचार्यांची पत्नी. इतका नेमका भेद हाताशी असताना शोधाशोध कशाला?

कोल्हापूरकर: तो भेद संस्कृतात. आमच्या गावात मास्तरांच्या बायकोला अक्षरओळख नव्हती, तरी त्या मास्तरीणबाईच! 'गुरू' घ्या. रूप बदलत नाही, लिंग क्रियापद सांगतं: 'गुरू म्हणाली'. ग्रीकात उपपद करतं तेच काम.

तत्सम: 'गुरू'बरोबर मठ आणि दीक्षा येतात. ख्रिस्ती ग्रंथात ते उपरं वाटेल.

वसईकर: उपरं कसं? मराठी शुभवर्तमानांत लोक येशूला 'गुरुजी' म्हणतात, तिथे मूळ शब्द दिदास्कालोसच आहे.

शब्दवेडी: पटतंय. पण म्हणाली की म्हणाल्या? ताई म्हणून एकेरी, गुरू म्हणून आदरार्थी. वक्तृत्वाच्या गर्वाने फुगलेल्या बेसिलला, म्हणजे दुसऱ्या भावाला, तिनेच ताळ्यावर आणलं असं ग्रेगरी लिहितो.

कोल्हापूरकर: आदरार्थीच हवं. त्या काळी विद्वान बायका होत्या, पण अधिकार उघड कुठे मिळायचा? बायबल लॅटिनमध्ये आणणारा जेरोम 385 मध्ये रोममधून गेल्यावर पवित्र शास्त्राच्या वादात लोक तिथल्या मार्सेला या विदुषीला विचारत. उत्तर ती द्यायची, पण जेरोमचं किंवा आणखी कुणाचं म्हणून, पुरुषांना कमीपणा वाटू नये यासाठी. हे जेरोमनेच कौतुकाने लिहिलंय. मला ते वाचून वाईट वाटतं. आणि जेरोमची शिष्या पॉला? ती हिब्रू शिकली, स्तोत्रं हिब्रूतून गायची, उच्चारात लॅटिनचा हेल नाही!

तत्सम: मग 'पंडिता' का नको? रमाबाईंना 1878 मध्ये कलकत्त्यात ही पदवी मिळाली. पुढे त्यांनीच हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं.

वसईकर: आणलं, पण साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, संस्कृत शब्दांचा भार टाळून. 'आचार्या' त्यांनी ठेवलं असतं?

तत्सम: बायबल सर्वांसाठी होतं. हा संवाद प्लेटोच्या 'फेडो'च्या, म्हणजे मरणापूर्वी सॉक्रेटिस आत्म्याविषयी बोलतो त्या संवादाच्या, वळणाचा आहे, वाद तत्त्वज्ञानाचा आहे. इथे सोपेपणाची सक्ती केली तर मॅक्रिनाची विद्वत्ताच झाकली जाईल.