अंगणातल्या बोर्डाने शेजाऱ्यांच्या घरांची किंमत पडते का?

डॅलसकर: आमच्या एचओएचं, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं, पत्र आलंय, अंगणातला निवडणुकीचा बोर्ड काढा नाहीतर दंड भरा, कारण काय तर आजूबाजूच्या घरांच्या किमती पडतात. घर आपलं, हप्ते आपण भरतो, मग आपल्या दारात आपलं मत मांडायचं नाही? अमेरिकेत राहून हे ऐकायचं म्हणजे कमाल आहे. कोर्टात टिकेल का?

निशिगंध: गाव किंवा शहराचा नियम असता तर टिकला नसता. मिझुरीतल्या लाड्यू शहराने असंच सौंदर्य आणि घरांच्या किमतींचं कारण देत घरांवरच्या पाट्यांना जवळजवळ बंदीच केली होती, मार्गारेट गिलिओ नावाच्या बाईंनी आखाती युद्धाविरुद्ध बोर्ड लावला आणि भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. १९९४ साली नऊच्या नऊ न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. मला फार आदर वाटतो त्या बाईंचा.

जर्सीवाला: पण एचओए म्हणजे सरकार नाही ना, घर घेताना आपणच सही केलेली असते. अमेरिकेच्या घटनेतली अभिव्यक्तिस्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती सरकारला अडवते, खासगी कराराला सहसा नाही. शेजाऱ्याचीही आयुष्यभराची कमाई त्याच्या घरात असते, त्याची भीती मला खोटी वाटत नाही.

निशिगंध: भीती समजते हो, पण म्हणून तोंड बंद करायचं? डॅलसकर, टेक्ससमध्ये वेगळा कायदाच आहे, मतदानाआधी ९० दिवसांपासून निवडणुकीचा बोर्ड एचओएला सरसकट बंद करता येत नाही. आकार, संख्या यावर मर्यादा घालू शकतात. तारीख बघा आणि लेखी उत्तर द्या.